मन्यांगने धार काढली

घरची बाई दवाखान्यात पडली की कुठल्याही घराची घडी विस्कटते. मन्यांगच्या घराचीही विस्कटली. त्याच्या बायकोला, अपिऊला, सातवा महिना लागलेला, एकदा अंगावरून रक्त गेलेलं. मिशनच्या दवाखान्यातल्या अवुत नर्सने तिला तिथेच ठेवून घेतलं आणि मन्यांगला बजावलं, "बाळ हातात येईपर्यंत हिने खाट सोडायची नाही. आणि रोज ताजं दूध पोचलं पाहिजे."

दूध होतं. अंगणात दोन दुभत्या गाई होत्या. पण धार कोण काढणार? गावातली पोरं गुरं घेऊन नदीकाठच्या छावणीवर गेलेली, शेजारणी आपापल्या गाईंत गुंतलेल्या. आणि मन्यांगच्या कपाळावर तर सहा आडवे वण. डिंका जमातीत कपाळ कापून असे वण पाडले की पोरगा मर्द होतो. मर्दाने गाईसाठी गाणी म्हणावीत, भाला उचलावा, पण तिच्या सडाला हात लावायचा नाही. लावला तर गावात तोंड दाखवायची सोय राहत नाही.

म्हणून त्याने आपल्यापुरता सोपा मार्ग काढला. आठवीतल्या लेकीला, अलुएलला, मिशनच्या शाळेतून काढून घरी बसवलं.

"बाबा, सोमवारपासून परीक्षा आहे," अलुएल म्हणाली. "आठला पेपर. गाय उजाडल्याशिवाय पान्हा सोडत नाही, आणि शाळा दीड तासाच्या वाटेवर. मी पोचू कशी?"

"मग पुढच्या वर्षी दे."

पुढचं वर्ष म्हणजे काय, ते दोघांनाही ठाऊक होतं. पुढच्या वर्षी मागणी येईल, मुलाकडून लग्नाच्या गाई येतील आणि पोरगी जाईल.  अलुएलने धार काढायचा भोपळ्याचा तुंबा उचलला आणि गाईखाली जाऊन बसली. मन्यांग काही दुष्ट माणूस नव्हता हो! पोरीवर त्याचा जीव होता. तिने कोळशाने दारावर लिहिलेलं त्याचं नाव त्याने वर्षभर कुणाला पुसू दिलं नव्हतं. पण माणसाला कधी कधी जिवापेक्षा लाज मोठी वाटते.

शनिवारी त्याची आत्या आली. अकुओल आत्या चर्चमधल्या बायकांची म्होरकी. हातात लाकडी क्रूस घेऊन गावोगाव पायी हिंडायची आणि कुणाच्याही घरात शिरून कुणालाही झापायची.

"पोरगी घरी का?" तिने विचारलं.

"गाईंना कोण बघणार, आत्या?"

"तू."

मन्यांग हसला. "तुझी नजर गेली वाटतं. माझं कपाळ दिसतंय ना?"

"दिसतंय. कापत होते तेव्हा हूं की चूं केलं नाहीस, तेही पाहिलंय. आता एवढ्याशा कामाला घाबरतोस?"

"गाव हसेल."

"हसेलच. अपिऊचं रक्त कुणी थांबवलं रे?"

"अवुतने."

"त्या अवुतच्या बापालाही गाव हसलं होतं. पोरगी उजवायची सोडून शाळेच्या बाकावर बसवली म्हणून. तू तर सगळ्यांत पुढे. 'पुस्तकाला वासरू होतं का,' असं कोण म्हणालं होतं? माझे कान अजून शाबूत आहेत."

मन्यांगने मान खाली घातली. मग हळूच म्हणाला, "पण रीत ती रीत, आत्या. माझा बाप असता तर उपाशी मेला असता, पण गाईखाली बसला नसता."

आत्या खाली बसली. क्रूस मांडीवर आडवा ठेवला.

"युद्धात गाव जळालं तेव्हा तू तीन महिन्यांचा होतास," ती म्हणाली. "तुझी आई दलदलीत तापाने गेली. बायामाणसं पांगली. उरलो मी, तुझा बाप, तू आणि एक गाय. माझा हात गोळीने मोडलेला. तीन आठवडे तुझ्या बापाने उंच गवतात लपून धार काढली आणि तुला पाजली. मला म्हणाला, कुणाला सांगितलंस तर तू माझी बहीण नव्हेस. चाळीस वर्षं मी तोंड उघडलं नाही."

मन्यांगचे डोळे भरून आले. 

"त्याला जमायचं का गं?" त्याने विचारलं.

"कसलं जमतंय! निम्मं दूध गुडघ्यावर."

सोमवारी फटफटताच मन्यांगने अलुएलच्या हातात पेन्सिल दिली आणि तिला वाटेला लावलं. उजाडल्यावर तो तुंबा घेऊन गाईखाली बसला. गोठ्याआड बसला असता तर कुणाला कळलंही नसतं. तो बसला भर अंगणात. गाईने पहिली लाथ मारली ती थेट तुंब्याला. कुंपणाजवळ बायका तोंडावर हात धरून उभ्या राहिल्या. शेजारचा मालेक ओरडला, "मन्यांगा, अपिऊचा झगा आणून देऊ का घालायला?"

"आण," मन्यांग मान वर न करता म्हणाला. "येताना तुझाही तुंबा आण. तुझ्या बायकोलाही दिवस गेलेत, तीही अवुतकडेच जाणार ना?"

 चेष्टा करायला आलेला माणूस तिथेच उभा राहून धार कशी काढतात ते बघत राहिला.

मन्यांग स्वतः दूध घेऊन दवाखान्यात पोचला. अपिऊने तुंब्यात डोकावून पाहिलं. "एवढंच? अलुएलचा हात एवढा आखडता कधीपासून झाला?"

"अलुएल पेपर लिहितेय," मन्यांग म्हणाला.

अपिऊने त्याच्या सुजलेल्या बोटांकडे पाहिलं आणि तिला सगळं कळलं. ती इतकी हसली की अवुत धावत आली आणि दोघांनाही रागावली. मग अपिऊने डोळे पुसले आणि तुंब्यातला शेवटचा थेंबही पिऊन टाकला.

मंडळी, मन्यांगने रीत मोडली असं त्याच्या गावात काहीजण अजून म्हणतात. म्हणू देत. मिशनने शाळा बांधली, दवाखाना उभा केला, गावच्याच पोरीला शिकवून नर्स केलं. पण आपल्या लेकीची शाळेची वाट मोकळी करायला बाहेरचा कुणी येत नाही. ते काम बापाचं आहे, आणि ते त्याने आपल्या हातांनी, चार लोकांच्या देखत केलं पाहिजे.