पाइपवाला मधे येण्याआधी

असं समजा, तुम्ही वाळूवरून पळताय. पाठीवर पाच वर्षांची बहीण आहे, तिचे हात तुमच्या गळ्याभोवती घट्ट. मागे समुद्रातून एक अक्राळविक्राळ प्राणी वर आलाय, देवळाच्या टेकडीहूनही उंच. आता पळता पळता मागे वळून बघा. चेहरा कसा होईल तुमचा? करून बघा, मी थांबते.

झालं? आता खरं सांगते. मागे काहीच नाही. एक माणूस उंच बांबू धरून उभा आहे आणि बांबूच्या टोकाला मासळीची टोपली बांधली आहे, सगळ्यांनी एकाच उंचीवर बघावं म्हणून. राक्षस नंतर तोक्योत होणार आहे, रबरी कातडं घातलेल्या माणसाचा.

आमच्या कामोउरा गावात तो सिनेमा असा झाला. युद्ध संपून दहाएक वर्षं झाली होती. पळणारी माणसं सगळी गावचीच, आणि पळण्याबद्दल त्यांना भाताचे गोळे मिळाले. एकदा वाऱ्याने टोपली उडवली तेव्हा दिग्दर्शक किती चिडला, हे म्हातारी माणसं वर्षानुवर्षं सांगत. बहिणीला पाठीवर घेऊन पळणारा मुलगा म्हणजे कान्जी, आणि पाठीवरची हात्सुए. पुढच्याच हिवाळ्यात कान्जीची होडी परत आली नाही. मग एका वादळात घरात पाणी शिरलं आणि होते नव्हते ते फोटोही गेले. उरला तो सिनेमातला कान्जी.

पण तोही पुरता उरला नव्हता. मूळ सिनेमा कुठे गेला कुणालाच ठाऊक नव्हतं. गावाकडे होती ती हवाईला गेलेल्या एका नातेवाइकाने पाठवलेली व्हिडिओ कॅसेट. अमेरिकेत दाखवताना तिथल्या लोकांनी आमच्या सिनेमाची काटछाट केली होती, सगळ्यांच्या तोंडी इंग्रजी घातलं होतं आणि मधे मधे एक गोरा वार्ताहर चिकटवला होता. तो खिडकीशी उभा राहून पाइप ओढतो आणि काय चाललंय ते समजावून सांगतो. आमचे जुने सरपंच जन्मभर गावाबाहेर गेले नाहीत, पण कॅसेटमध्ये ते फाडफाड इंग्रजी बोलत.

त्यात कान्जी पाठमोरा पळतो. ठिगळ लावलेला सदरा दिसतो. मान वळायला लागते, कान दिसतो, गालाची कड दिसते, आणि तेवढ्यात पाइपवाला येतो. दर वेळी हात्सुए त्याला म्हणायची, "मेल्या, एक श्वास थांबला असतास तर काय बिघडलं असतं?" आणि पोरं खिदळायची.

त्या पोरांना पाइपवाला फार आवडे. किनाऱ्यावर सिनेमा-सिनेमा खेळताना बोरूचा तुकडा तोंडात धरून पाइपवाला व्हायला भांडणं होत. मी गावच्या शाळेत शिकवायचे, आणि हात्सुएची नात नागिसा माझ्या वर्गात होती. ती नेहमी कान्जी व्हायची. शेजारचं लहान पोर पाठीवर घेऊन पळायची, मान वळवायला लागायची आणि तिथेच थांबायची. पुढचं कुणी पाहिलेलंच नव्हतं. दाइगो नावाचा एक आगाऊ मुलगा तिला चिडवायचा, "तुझा कान्जी वळतच नाही गं. मान अडकलीय त्याची."

नागिसाने आजीला विचारलं तेव्हा आजी शंख सोलता सोलता म्हणाली, वळला होता, त्याचा गाल माझ्या गालाला लागला होता. चेहऱ्याचं तिने काही सांगितलं नाही. ते तिने मला सांगितलं, नात खेळायला गेल्यावर. "आवाज आठवतो, बाई. केसांना डिझेलचा वास यायचा, तोही आठवतो. चेहरा आठवायला गेलं की पाइपवालाच येतो."

आणि एका वसंतात बातमी आली, की उत्तरेकडच्या एका बंद पडलेल्या थिएटरच्या अडगळीत मूळ सिनेमा सापडला आहे. तो नीटनेटका करून आमच्या गावात दाखवायचं ठरलं. शाळेच्या व्यायामशाळेत भरदुपारी काळे पडदे ओढले. भाजलेल्या सुक्या माकुळ-मासळीचा वास सुटला होता. हात्सुए ठेवणीतला किमोनो नेसून पहिल्या रांगेत बसली, एका बाजूला नागिसा, दुसऱ्या बाजूला मी.

मूळ सिनेमा संथ होता. राक्षस येण्याआधी गावच्या बायका समुद्राला नैवेद्य घेऊन जातात, ते कॅसेटमध्ये नव्हतंच. सरपंच आमच्या बोलीत, त्यांच्या घोगऱ्या आवाजात बोलायला लागले, तसा त्यांच्या लेकीने तोंडाला पदर लावावा तशी किमोनोची बाही लावली. पोरं चुळबुळत होती. पाइपवाला कधी येणार, असं दाइगोने मोठ्याने विचारलं. येणारच नाही म्हटल्यावर म्हणाला, "मग कळणार कसं?" मागून कुणीतरी म्हणालं, "तुझ्याच भाषेत बोलतायत की रे."

मग किनारा आला. ठिगळाचा सदरा. मान वळायला लागली. कान दिसला, गालाची कड दिसली. सवयीने आता पाइपवाला येणार असंच सगळ्यांना वाटलं. तो आला नाही. कान्जी पूर्ण वळला.

मी हात्सुएकडे पाहिलं. तिने डोळे गच्च मिटले होते. इतकी वर्षं वाट पाहिली, आणि आता समोरचा चेहरा परका वाटला तर? तेवढ्यात पडद्यावर राक्षस गावात शिरला आणि घरं कोसळायला लागली.

"वळला का गं?" तिने डोळे न उघडताच विचारलं.

"वळला, आजी."

"घाबरला होता?"

मी हात्सुएच्या कानाशी म्हटलं, संपल्यावर तेवढा भाग पुन्हा लावायला सांगू. ती नुसती मान हलवत राहिली, हो की नाही ते कळलं नाही.

नागिसा उठली. पडद्यासमोरच्या मोकळ्या जागेत गेली. राक्षसाची सावली तिच्या अंगावरून सरकत होती. मागून कुणी ओरडलं, खाली बस. ती बसली नाही. आजीकडे पाठ करून ती वाकली, पाठीवर कुणी असल्यासारखे हात मागे घेतले.

"आजी, डोळे उघड," ती म्हणाली.

हात्सुएने डोळे उघडले. नागिसा चार पावलं पळाली आणि तिने मान वळवली. कान दिसला. गालाची कड दिसली. या वेळी ती थांबली नाही. हनुवटी खांद्याला टेकवून, उडून जाणाऱ्या टोपलीकडे बघावं तसं वर बघत, ती पडद्यावरच्या कान्जीसारखीच दात दाखवून हसली.