झब्दा आबांचे शेवटचे कडवे

उतरत्या उन्हात नदी केशरी झाली होती. वारा मात्र थाऱ्यावर नव्हता. वेतबनात शिरे, परते, पुन्हा शिरे; मातीच्या प्रार्थनामंदिराचे पडदे उगाच हलवी.

आत झब्दा गात होते. थोरल्या नगरांना नावही ठाऊक नसलेले, नावाड्यांच्या एका गावाचे धर्माध्यक्ष, शुभ्रजटाधर, करुणार्द्रनेत्र. त्यांचे प्रवचन म्हणजे गाणेच! कडवे त्यांचे, ध्रुवपद बायकांचे. ‘ये प्रकाशा, ये’ म्हणत सारे कंठ उसळत.

दाराशी राजाचे शिपाई होते. ख्रिस्ताचे नाव टाकत नाहीत म्हणून आबांना न्यायला आलेले. जमावाला बिचकून त्यांचा नायक बोलून गेला होता, “गाणं संपू दे, मग चला.”

म्हणून गाणे संपत नव्हते.

ध्रुवपद वळे, फिरे, पुन्हा उठे. पिंजऱ्यातल्या पाखरासारखे भिंतीभिंतीवर आपटे.

“म्हातारे, अजून किती?” नायक खेकसला.

“आत्ता कुठं सुरुवात झालीय, बाबा!” पुढे उभी असलेली, केस पिकलेली शमुनी म्हणाली. गळा बसलेला, डोळे मिस्कील. “मागच्या सणाला मसूर करपले, तरी आमचं चालूच होतं. तू बस की!”

झब्दांना हसू आले नाही. त्यांना दिसत होती ती तलवारीच्या मुठीवर वळवळणारी बोटे, आणि उंबऱ्यातच मांडी घालून बसलेली पोरे. त्यांनी हात उंचावला : पुरे. ध्रुवपद दुप्पट झाले. प्रेम असे आंधळे, असे हट्टी, असे गोड!

मग आबांनी आवाज उतरवला. हळू. अजून हळू. दवबिंदू पानावरून निसटावा तसा एकेक शब्द. एकही सांडू नये म्हणून बायका पुढे झुकल्या; एकेक कंठ मिटत गेला. शेवटचा शब्द आला, तेव्हा तो ऐकायला सारे मंदिर गप्प होते.

गप्प. गाणे संपले होते.

शमुनी दचकली. “आबा, फसवलंत आम्हाला!”

“ऐकलंस ना, पोरी?” ते म्हणाले. पोरांच्या डोक्यांवरून हात फिरवीत उंबरा ओलांडून गेले.

आबांना घेऊन शिपायांची नाव सुटली. मधल्या धारेतून नवे कडवे उठले, धूसर, थरथरते. कुणीच ध्रुवपद उचलले नाही; उचलते तर ते कडवे ऐकू आले नसते. शमुनी गुडघाभर पाण्यात शिरली. सूर बारीक झाला, बिंदू झाला, नाहीसा झाला. आणि तो काठ, तो ओला, अंधारता काठ, सर्वांगाचा कान करून उभा राहिला.