आडाला लावलेलं विरजण

मी एक जुना आड आहे. बिंदुसरा नदीपासून कोसभर आत, पालीच्या वाटेवरच्या एका लहान गावात माझं तोंड आहे. मित्रांनो, आडाच्या पोटात अख्खं गाव नांदतं, ते सांगायला मी आज बसलोय. बसलोय कसला म्हणा! खणल्यापासून उभाच आहे.

माझ्यात पिंपळाची पानं पडतात, सडतात. ती सडकी पानं खाणारे अगदी बारीक जीव असतात. पुढं शाळेतली पोरं काठावर मोठ्यानं धडा वाचायची, तेव्हा कळलं की त्यांना जिवाणू म्हणतात. ते इतक्या झपाट्यानं वाढतात की विचारू नका. पण त्यांच्यावर चरणारे दुसरे जीव आहेत, तेही डोळ्यांना न दिसणारे. अंगावरची केसांची झालर हलवून ते पाण्यात भोवरा करतात आणि जिवाणू गपागप गिळतात. त्यांना पाणपिसवा खातात, पाणपिसवांना मासोळ्या. जो तो पोटभर जेवतो आणि पाणी नितळ राहतं. चरणारे ते जीव म्हणजे माझी लाडकी गुरं!

निजाम सरकारच्या अमलातली गोष्ट. तहसीलदार साहेब दौऱ्यावर येणार असा सांगावा आला आणि आमच्या सुंदरराव पाटलांची धांदल उडाली. आड उपसण्यात पटाईत असलेल्या सटवाला त्यांनी बोलावलं.

"सटवा, आड चकाचक पायजे बे. सायबानं वाकून बगितलं तर तोंड दिसलं पायजे."

सटवानं पहिल्या पोहऱ्यांनी शेजारची गुरांना पाणी पाजायची दगडी डोणी भरली, बाकीचं पाणी शेतात सोडलं. गाळ काढला, भिंती घासल्या. तेवढ्यावर थांबला असता तर! पण हौस दांडगी. नवं पाणी पाझरताच त्यानं पाटीभर कळीचा चुना माझ्यात ओतला. साहेब आले, वाकले, "बहुत खूब" म्हणाले. मीही फुगलो, खोटं कशाला बोलू?

उपशातून उरलेली माझी गुरंही चुन्यानं मेली होती. जिवाणूही मेले, पण थोडे उरले. खायला मेलेले जीव, आणि त्यांच्यावर चरणारं कोणीच नाही! आठवड्यात चुन्याचा जोर ओसरला आणि ते असे माजले की पाणी ताकासारखं पांढुरकं झालं. बाया नाकाला पदर लावून माघारी जाऊ लागल्या.

"काय टाकलंस बे ह्यात?" सुंदरराव सटवावर कडाडले. "पंधरा दिसांत निवळलं न्हाई, तर आड दगडमातीनं बुजवतो. लेकरं मारायची हायेत का?"

बुजवणार? मला? सटवा तर काठावर बसून रडू लागला. तेवढ्यात त्याची आई चंद्रभागाबाई आली.

"रडतोस कावून? विरजणाबिगर दही लागतं का? ह्याचं जुनं पाणी कुटं हाय?"

"समदं सोडलं की, आई."

"आन् ही डोणी कशानं भरली?"

तिनं डोणीतल्या हिरवट पाण्याची घागर भरली आणि माझ्यात हळूच सोडली. लोक हसले, "म्हातारीनं घाणीत घाण घातली!" हसा लेको! त्या घागरीत माझी मूठभर गुरं होती आणि समोर कुरण नुसतं माजलेलं. ती चरू लागली, एकाची दोन होऊ लागली. मला तर आनंदानं गुदगुल्याच झाल्या. अकराव्या दिवशी पोहरा पाण्यात हातभर खाली गेला तरी दिसला.

पंधराव्या दिवशी सकाळी सुंदरराव दगडांच्या दोन गाड्या घेऊन आले. चंद्रभागाबाईनं पोहरा ओढला, तांब्याच्या तोंडाला फडकं लावून पाणी गाळलं आणि पहिला घोट स्वतः घेतला. मग तांब्या पुढं केला. पाटलांनी पाणी निरखलं, हुंगलं आणि गटागटा पिऊन टाकलं.

"गाड्या माघारी न्या रे," ते म्हणाले. मित्रांनो, माझा जीव भांड्यात पडला.

सटवानं आनंदाच्या भरात फडकं उचललं आणि जमिनीवर पिळायला गेला.

"आरं थांब!" चंद्रभागाबाई ओरडली. "त्यात जीव हायेत. ज्यांनी आड वाचवला त्यांनाच मातीत टाकतोस व्हय?"

सुंदरराव पायातले जोडे काढून काठावर आले. "आण इकडं. मीच सोडतो." आणि पाटलांनी आपल्या हातानं ते फडकं उलटं करून माझ्या पाण्यात खंगाळलं.

मित्रांनो, पाणी गाळून प्या, उकळून प्या. मलाही खुशाल साफ करा. फक्त माझ्या पोटातल्या सगळ्यांना एकदम घराबाहेर काढू नका. तुमची तहान मी एकटा भागवत नाही रे.