पालथ्या घागरी

कालिंदीने चिंचोके मुठीत खळखळवले आणि चटईवर टाकले. एकच पांढऱ्या अंगावर पडला. मोतीलालने कपाळावर हात मारून घेतला.

“मर गया रे! माझा पहेलवान गेला काय?”

“नाई गेला. पायरीवरून घसरला, टोंगळा फुटला. आता लंगडत चालन.”

शेजारच्या मोतीलालला बँकेत नोकरी लागली होती, लग्न ठरलं होतं, तरी आपल्या पहेलवानाचा गुडघा फुटल्याचं त्याला खरंखुरं वाईट वाटलं. त्या खेळाचं वेडच तसं होतं. कालिंदीच्या भावाने, त्र्यंबकने, तो जबलपूरच्या हॉस्टेलमधून आणलेला. तिथल्या एका मुलाला परदेशातल्या मामाने पेटीभर सामान पाठवलं होतं. बालाघाटला पोचेपर्यंत त्यातल्या फाशांचे चिंचोके झाले आणि आग ओकणाऱ्या सापांच्या वैनगंगेतल्या मगरी झाल्या. एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्या गोष्टीतले वीर व्हायचं, आणि अडचण आली की चिंचोके टाकायचे.

सांगणाऱ्याचं खरं काम एकच, खलनायक घडवायचा. त्र्यंबकचे खलनायक सगळे एकाच माळेचे मणी: लाल डोळे, गडगडाटी हसणं आणि रविवार संपायच्या आत मरण. मग काम कालिंदीकडे आलं आणि भर उन्हात ओसरीवर थंडी वाजायला लागली. तिने एक नावाडी घडवला. तो नदी पार करून द्यायचा आणि भाड्यात माणसाची सावली ठेवून घ्यायचा. एक सुईण घडवली. ती बाळाचं नाव आधी आपल्या कानात सांगायला लावायची, आणि ते नाव पुढे आईलासुद्धा आठवायचं नाही. दुष्टाला सुळे लागत नाहीत, लोकांचा भरवसा लागतो, हे त्या पोरीला कुठून तरी कळलं होतं.

दिवाळीपासून तिने ‘मालक’ आणला होता. मालकाकडे शस्त्र नव्हतं. तो हळू बोलायचा, भेटेल त्याला ‘जेवले का?’ विचारायचा, आणि त्याच्या वाटेवरची गावं एकामागून एक जळून जायची. गावकरी तरीही त्याच्याच दारात गाऱ्हाणी घेऊन जायचे.

“असा कसा विलन?” मोतीलाल तेव्हा म्हणाला होता. “याले तं मीच माही बहीण देईन.”

आज चटईवर चौथा माणूस होता. गुणाकर. कालिंदीच्या थोरल्या बहिणीचा, प्रेमलताचा नवरा, तिरोडीच्या खाणीत बाबू. सकाळच्या बसने तो पेढे आणि एक साडी घेऊन आला होता. प्रेमलता स्टोव्हच्या भडक्यात गेली त्याला वर्ष झालं. तिची दोन वर्षांची मीनू तेव्हापासून आजोळीच होती. पोरीला आई हवी, आणि मावशीहून जवळची आई कोण? माय मरो पण मावशी जगो, असं अर्धी गल्ली कालिंदीला ऐकवून गेली होती. बाबा, म्हणजे प्रभाकरराव, आतल्या खोलीत पंचांग घेऊन बसले होते. त्यांनाही फार हौस होती असं नाही. काल रात्री जेवताना ते इतकंच म्हणाले होते, “नाई म्हटलं तं मीनूले घेऊन जाईन तो. लेकरू त्याचं हाय.”

कालिंदीने भात संपवला होता.

“भाऊजी, तुम्ही बी बसा ना,” म्हणून त्र्यंबकनेच गुणाकरला खेळात ओढलं. त्याने वैद्य होणं पत्करलं आणि खेळलाही छान. पहेलवानाच्या गुडघ्याला त्याने लगेच लेप लावला. मालकाला आज गढीतच झोपवून ठेवायचं आणि नावाड्याला परत आणायचं, असं कालिंदीने मनाशी ठरवलं होतं. पण लेप लावताना गुणाकरने मोतीलालला विचारलं, “लय दुखते काय?” तो मऊ आवाज थेट मालकाचा होता. ठरवलेलं सगळं तिथेच मोडलं.

“पुढं सांग,” त्र्यंबक म्हणाला.

“तुम्ही मालकाच्या गढीवर पोचले,” कालिंदी म्हणाली. “पहाट हाय. मालकाची बायको निजली हाय. मालक जागा हाय. तो मांगच्या आंगणात गेला.”

“तलवार घ्याले?” मोतीलालने विचारलं.

“तलवार नाई त्याच्यापाशी. त्यानं एक घागर उचलली. पाणी वाफ्यात ओतलं आन् घागर पालथी घातली. मंग दुसरी. मंग हंडा. मोरीतली बादली बी. जराही आवाज न करता.”

हे तिने मनाने रचलेलं नव्हतं. ताई भाजल्याचा निरोप आला त्या दिवशी बाबा आणि ती दुपारी तिरोडीला पोचले होते. बाबा दवाखान्यात ताईपाशी बसले आणि कालिंदीला त्यांनी मीनूला आणायला घरी पाठवलं. शेजारणी अंगणात बसून सांगत होत्या, आम्ही आमच्या घरून पाणी आणून आग विझवली, यांच्या घरी थेंब नव्हता. मागच्या अंगणात घागरी ओळीने पालथ्या होत्या. दवाखान्यात त्या वेळी ताई पाणी मागत होती.

ताई संध्याकाळी गेली. दुसऱ्या दिवशी आई आली, माणसं आली, आणि पालथ्या घागरी कोणाच्या नजरेला खटकल्या नाहीत. मेल्या घरी पाणी ओततातच. कालिंदीने एकदा आईपाशी तोंड उघडलं होतं. “आई, घागरी पालथ्या होत्या.” आई म्हणाली, “माणूस गेलं का पाणी फेकतेतच, बाई,” आणि पदर डोळ्यांना लावून रडायला लागली. ताई जिवंत असतानाच त्या पालथ्या होत्या, हे पुढचं वाक्य कालिंदीने वर्षभर उच्चारलं नाही. आपणच दिवसांची गल्लत करतो की काय, असं म्हणून तिने स्वतःलाही फसवून पाहिलं.

“थांब, थांब,” मोतीलाल म्हणाला. “घागरी पालथ्या काहून? कोणी मेलं काय घरात?”

“नाई. अजून कोणी मेलं नाई. जे मरणार हाय ते झोपून हाय.”

मोतीलालने डोळे बारीक केले आणि मग चटईवर थाप मारली. “आग लावते साला! विझवाले पाणीच नको! अरे वा कालिंदी, क्या विलन बनाया है!”

तो एकटाच हसला. त्र्यंबकने उचललेले चिंचोके तसेच हातात धरले.

आतल्या दारात आई उभी होती. सत्यभामाबाई जावयासाठी पाण्याचा तांब्या घेऊन आल्या होत्या. कधीपासून उभ्या होत्या कोणास ठाऊक.

“मामी, पाणी द्या ना इकडं,” गुणाकर सासूला हळूच म्हणाला.

त्यांनी त्याच्याकडे पाहिलं नाही. “कालिंदे, तू मीनूले आणाले घरी गेलती,” त्या म्हणाल्या, “तवा प्रेमा कशी होती?”

“बोलत होती, आई. पाणी मागत होती.”

“आन् घागरी?”

“पालथ्या होत्या.”

प्रभाकरराव बाहेर आले. पंचांगात मुहूर्ताच्या पानावर त्यांनी बोट घालून ठेवलं होतं. ते बायकोकडे बघत राहिले, मग बोट काढून घेतलं.

सत्यभामाबाई ओसरीच्या कडेला गेल्या. तांब्यातलं पाणी त्यांनी तुळशीच्या मुळाशी ओतलं, शेवटचा थेंब गळेपर्यंत. मग परत येऊन रिकामा तांब्या जावयापुढे पालथा ठेवला. त्या घरात दारी आलेल्या भिकाऱ्यालाही कधी पाण्याविना परत पाठवलेलं नव्हतं.

गुणाकरने शर्टाची बाही नीट केली. आवाज तोच, मऊ. “मीनूचे कपडे भरून द्या मंग, मामी. मले बस पकडाची हाय.”

आत मीनू झोपली होती. सत्यभामाबाई त्या खोलीच्या उंबऱ्यावर जाऊन बसल्या, दोन्ही हात चौकटीला लावून. प्रभाकरराव त्यांच्या शेजारी, खाली फरशीवर टेकले; मुलांनी त्यांना असं जमिनीवर बसलेलं कधी पाहिलं नव्हतं. त्र्यंबकने उठून ओसरीच्या दाराला कडी घातली.

“अरे, झालं काय?” मोतीलालने विचारलं. “खेळ संपला?”

“नाई,” कालिंदी म्हणाली. त्र्यंबकच्या मुठीतून तिने चिंचोके काढून घेतले आणि पालथ्या तांब्याशेजारी, गुणाकरपुढे ठेवले.

“तुमचा डाव हाय, भाऊजी. घर पेटलं हाय, आत बाई हाय. पाणी कुठून आणता, सांगा.”