शुद्ध केलेली नावं

शहाद्याच्या आमच्या इतिहास बंधुमंडळात एकमेकांना ‘बंधू’च म्हणायचं, नाहीतर अध्यक्ष रूपचंद वकील डोळे वटारत. सन चौतीसचं सांगतो. मी मंडळाचा चिटणीस, पेशाने मास्तर, आणि शुद्ध मराठीचा तोरा गावभर मिरवणारा.

त्या साली गावातल्या म्हाताऱ्या भिकुबाईचं कुळगाणं मी उतरवून घेतलं. त्यांच्या कुळात हळदीच्या दिवशी घरातली म्हातारी हे गाणं म्हणायची. एकेका पूर्वजाचं नाव घेऊन त्याला लग्नाला बोलवायची, आणि दर नावाला नवरी पदर सावरून नमस्कार करायची. ज्याचं नाव राहिलं तो येत नाही, असं ते मानत. भिकुबाईला अकरा पिढ्या तोंडपाठ होत्या. तीन दिवस ती ओसरीवर बसून गात होती आणि मी लिहीत होतो.

“लिखी ले भाऊ,” ती म्हणाली. “सून ते मरी गयी. मन्हा मांगे कोन म्हनी?”

मंडळाने ठराव केला की गाणं ग्रंथात घ्यावं, पण भाषा सुधारून. मी हौसेने बसलो. अहिराणी काढून टाकली. नावंही मला गावंढळ वाटली. ग्रंथात झिपरू कसा शोभेल? कुणाचा जयपाल केला, कुणाचा धुरंधर. मग दोन पाठ राहू नयेत म्हणून कच्ची टिपणं नियमाप्रमाणे बंबात घातली. बंधूंनी पाठ थोपटली आणि मी फुशारलो, खोटं कशाला बोलू?

दोन वर्षांनी भिकुबाई वारली. पुढच्या वैशाखात तिचा मुलगा वाहरू माझ्याकडे आला. त्याच्या लेकीची हळद दोन दिवसांवर होती.

“मास्तर, मायनं गानं वाची दखाडा. आम्ही तसंच म्हनसूत.”

मी ग्रंथ काढून वाचू लागलो. तो हात जोडून ऐकत होता. तिसऱ्या ओळीला त्याने मान वर केली.

“ह्या कोन लोके शेतस?”

“तुझेच पूर्वज. नावं जरा शुद्ध केलीत.”

“मंग खरी नावे सांगा.”

मी डोळे मिटून खूप आठवून पाहिलं. झिपरू आठवला, पण तो कुणाचा बाप आणि कुणाचा मुलगा, हे सांगता येईना. मेल्याहून मेल्यासारखं झालं. वाहरू चिडला असता तर बरं झालं असतं.

“त्या पूर्वज वाट दखतीन, मास्तर,” तो एवढंच म्हणाला. “त्यास्ले कोनता नावघाई हाक मारू?”

हळदीला मी गेलो होतो. वाहरूला बापाचं आणि आज्याचं नाव ठाऊक होतं, तेवढी दोन त्याने म्हटली. नवरीने पुढच्या नावासाठी पदर सावरला, पण गाणं संपलं होतं.