फेस आला, टीबी गेला!

वालूरच्या बाजारात राधाकिशन महाराजांच्या मांडवापुढं मुंगीला शिरायला जागा नव्हती. लेकराच्या टाचेला लिंबाचा काटा टोचायचा, रक्ताचा थेंब ताटलीत घ्यायचा, वर तांब्यातलं तीर्थ ओतायचं. पांढरा फेस फसफसून वर आला की महाराज ओरडत, "निघाला! टीबी उकळून भाईर निघाला! दवाखान्याची औषधं फेका उकिरड्यावर!"

मंजुषा सिस्टरचा नुसता जळफळाट झाला. तिनं सुई काढली की बाया लेकरं पदराखाली लपवत, आणि ह्या मेल्यापुढं रांगा! बारा वर्षं तिनं गाव पायाखाली घातलं होतं. पाया पडू नका, पण निदान ऐका तरी!

तेवढ्यात तिला रांगेत प्रियंका दिसली. प्रियंकाला एचआयव्ही आहे, हे गावात त्या दोघींनाच ठाऊक होतं. तिचं लेकरू पाच महिन्यांचं, सारखं खोकायचं. अशा आईच्या लेकरांना टीबी लवकर गाठतो. टीबीसाठी केलेल्या रक्ताच्या तपासणीत काही निघालं नव्हतं. तरी डॉक्टर म्हणाले होते, एवढ्या लहानग्याच्या नुसत्या रक्तावर विसंबता येत नाही, परभणीला न्या.

मंजुषानं तिला बाजूला ओढलं. "अगं, परभणीला जाणार होतीस ना?"

"डॉक्टर म्हणायलेत, नक्की सांगता येत न्हाई. महाराज मिनिटात सांगायलेत. मी कुणाचं ऐकू, ताई?"

हे मंजुषाला लय लागलं. ती तरातरा पुढं गेली, नवा काटा घेऊन स्वतःचं बोट टोचलं आणि थेंबावर तीर्थ ओतलं. फस्स! तसाच फेस.

"मला बी टीबी का, महाराज?"

"असंलच की! देवानं दाखवला!"

"बरं. दत्ता, तुझ्या कोंबडीचं ताजं रक्त आण रे."

शेजारच्या कोंबडीवाल्या दत्तानं आणलं. तेही फसफसलं.

"आता कोंबडीला कोणता अंगारा द्यायचा?" दत्ता म्हणाला, आणि मांडवात हशा पिकला.

"हे जखमा धुवायचं औषध हाय, हायड्रोजन पेरॉक्साइड. दवाखान्यात रोज वापरते मी. कोणत्याबी ताज्या रक्तावर फेस येतो!" मंजुषा म्हणाली. महाराज तांब्या सावरत मागं सरकले.

"मग तुमी सांगा," प्रियंका रडकुंडीला आली होती. "माझ्या लेकराला हाय का न्हाई?"

सगळा बाजार मंजुषाकडं बघत होता. ठासून काहीही सांगितलं असतं, तरी लोकांनी तिला डोक्यावर घेतलं असतं. त्या घडीला तिला महाराजांचा खरा हेवा वाटला. खोटं किती सोपं होतं त्यांना!

"मला ठाऊक न्हाई," ती म्हणाली. "छातीचा फोटो काढतील, लेकरू बेडका गिळतं म्हणून पोटातलं पाणी तपासतील, मग कळंल. बायांनो, ठाऊक नसताना जो छातीठोक सांगतो ना, त्याला विचारा, कशावरून? मला बी विचारा, डॉक्टरला बी विचारा."

प्रियंकानं लेकराचं तोंड पदरानं पुसलं. "परभणीची जीप कुठून सुटती, ताई?"