भेगेवरचा नकाशा

मित्रांनो, मी एक जुना लोखंडी रुळाचा तुकडा आहे, पण मला भंगार समजू नका! मुदखेडच्या स्टेशनात माझ्या पाठीवरून आगगाड्या धडधडत गेल्या आहेत. झिजलो तेव्हा मला कापलं आणि किल्लारीकडच्या एका गावातल्या शाळेत घंटा म्हणून टांगलं. मधल्या सुट्टीचा टोला पडला की माझ्याइतकं लाडकं गावात कोणी नसायचं.

मग भूकंप झाला. त्या पहाटे मला वाजवायला कोणी जागं नव्हतं. ढिगाऱ्यातून मला शाळेचे शिपाई सिद्धराममामा यांनी उकरून काढलं. गाव नव्या जागी वसलं, नवी शाळा झाली, आणि मामांनी नियम घातला: मी न थांबता वाजलो, की असेल तसं मैदानात पळायचं.

पुढे विजेची घंटा आली. माझी हातोडी ऑफिसच्या कपाटात कुलूपबंद झाली आणि माझ्यावर गंज चढला. हुशार मुलं क्लासेससाठी लातूरला जाऊ लागली. घरोघरी एकच उपदेश: प्रश्न विचारू नको, प्रश्न सोडव.

नववीतल्या पंचशीलाला मात्र हे जमेना. तिची धाकटी बहीण रूपाली पाचवीत होती आणि पाचवीच्या भिंतीला मोठी भेग पडली होती. पंचशीलानं हेडसरांना पुन्हा पुन्हा विचारलं. सरांनी भेग लिंपली आणि वर भारताचा सुंदर नकाशा रंगवून घेतला.

मराठवाडा मुक्तिदिनाच्या सकाळी नकाशाच्या मधोमध भेग पुन्हा उघडली. झेंडावंदनानंतर त्याच भिंतीखाली बसून पाचवी पाहुण्यांना देशभक्तीचं गाणं म्हणणार होती. पंचशीला सरांकडे धावली.

"देशाच्या नकाशात खोट काढायलीस?" सर म्हणाले. "आजच्या दिवशी तरी गप बस."

पाचवी आत बसली. पाहुणे आत गेले. पंचशीला माझ्याकडे आली. हातोडी नव्हती, म्हणून तिनं दगड उचलला.

मित्रांनो, मी असा वाजलो, असा वाजलो, की गंजाचे पापुद्रे तिच्या केसांत पडले! क्षणात सगळे मैदानात. पोरं, पाहुणे आणि सर्वांत पुढे हेडसर. जमीन मात्र हलली नव्हती.

सर तिच्यावर ओरडले. "भूकंप म्हणजे थट्टा वाटली का तुला?"

"न्हाई सर," ती म्हणाली. दगड अजून तिच्या हातात होता. "पण तुमी बी पळालात की. म्हंजी त्या भिंतीचा भरवसा तुमाला बी न्हाई."

मग सिद्धराममामा हळूच म्हणाले, "सर, निजामाला सवाल केला म्हणून तर आज आपला झेंडा हाय."

सरांनी वर झेंड्याकडे पाहिलं. मग स्वतः जाऊन त्यांनी पाचवीच्या वर्गाला कुलूप लावलं. गाणं झेंड्याखाली, उन्हात झालं. ती भिंत पाडून नवी बांधेपर्यंत पाचवी कडुलिंबाच्या झाडाखाली शिकली.

मित्रांनो, मला रंग लावा, तेल लावा, असं माझं मागणं नाही. गंज मी सोसेन. फक्त ती हातोडी कपाटातून काढा आणि माझ्या शेजारी टांगा. पाचवीतल्या पोरीचा हात पोहोचेल, एवढी खाली.